काठीची झडती, हाताची झडती

माझ्या वडिलांची झडती काठीने होत असे.

ते मुंबईतल्या एका कापडगिरणीत रिंग खात्यात होते. विणकामाच्या खात्यात आपल्या माणसांना त्या काळी शिरकाव नसे. धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा सवर्ण विणकराच्या ओठाला कसा चालेल, हे त्याचे कारण. हा इतिहास या पानांच्या वाचकांना नवा नाही. पण पाळी सुटल्यावर गिरणीच्या दरवाज्यात जे घडे, त्याविषयी कोणी फारसे लिहिलेले नाही. भोंगा झाला की कामगार रांगेने बाहेर पडत. दारवान एकेकाच्या काखा, कंबर, धोतराचा सोगा हाताने चाचपून पाही. कोणी सूत किंवा कापडाचा तुकडा लपवला आहे काय, हे पाहण्यासाठी. वडिलांची पाळी आली की हात थांबे आणि काठी पुढे होई. काठीच्या टोकाने तो सदरा उचली, धोतर ढोसी, आणि "चल" म्हणे.

वडील ही गोष्ट हसत सांगत. "काठीला काय कळतंय? मनात आणलं असतं तर अख्खं ठाण घेऊन आलो असतो." आम्ही पोरेही हसत असू. ते हसणे कशाचे होते, हे कळायला मला फार वर्षे लागली.

२००३ साली मी पहिल्यांदा विमानात बसलो. दिल्लीला एक चर्चासत्र होते आणि तिकीट आयोजकांनी काढले होते. तालुक्याच्या गावी इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकाला एरवी ते परवडणारे नव्हते. सुरक्षा तपासणीच्या जागी एक बुटका लाकडी चौथरा होता. त्यावर चढून दोन्ही हात पसरून उभे राहायचे. माझ्या पुढे एक वयस्क गृहस्थ होते. शिपायाने यंत्र फिरवले तसे ते छातीपाशी वाजले. पुन्हा फिरवले, पुन्हा वाजले. शेवटी त्यांना सदऱ्याची गुंडी काढून जानवे बाहेर ओढावे लागले. जानव्याला कपाटाची किल्ली बांधलेली होती. शिपायाने किल्ली बोटात धरून पाहिली, जानवे सोडले, आणि त्याच हाताने मला जवळ बोलावले. त्याच हाताने माझे खांदे, पाठ, कंबर, मांड्या चाचपल्या. मी कोण, कुठला, हे त्याने विचारले नाही. जानव्यावरून उतरलेला हात न धुता माझ्या पाठीवर आला होता!

मला बरे वाटले, हे मी लपवत नाही. सरकारने माझ्यावर संशय घेतला होता, पण तो संशय त्या गृहस्थांवर जितका होता तितकाच माझ्यावर होता. मनात आले, वडील असते तर त्यांना सांगितले असते, की आता झडती हाताने होते. विमानात बसल्यावर मात्र दुसराच विचार आला. झडतीत समता सापडली म्हणून ज्याला आनंद होतो, त्या माणसाला आजवर काय काय मिळाले नसेल? तेव्हापासून हा विषय माझ्या मागे लागला आहे. विमानतळावरील झडतीचा इतिहास जमेल तसा वाचत गेलो. त्यातून जे दिसले ते येथे मांडतो. मी काही विमानविद्येचा जाणकार नाही.

झडती ही मूळची मालकाने कामगाराच्या अंगाची घेतलेली. याचा नमुना पाहायचा तर दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींकडे जावे लागते. हिरा मुठीत, दाढेत, जखमेतसुद्धा लपवता येतो, म्हणून मालकांना चोरीची धास्ती मोठी. १८८३ साली तेथे खाणीतून वर येणाऱ्या कामगारांनी कपडे उतरवून झडती द्यावी असा नियम लागू झाला, आणि तो गोऱ्या कामगारांनाही लावण्याचा प्रयत्न झाला. काळ्यांबरोबर आपल्यालाही नागवे करता काय, म्हणून गोऱ्यांनी त्या वर्षी संप केला. १८८४ मध्ये पुन्हा केला. गोळीबार झाला, संपकरी मेले, संप मोडला. पण गोऱ्यांचे कपडे उतरवण्याचा आग्रह मालकांनी पुढे सोडून दिला. काळ्या कामगारांसाठी १८८५ पासून बंदिस्त आवारे उभी राहिली. कराराची मुदत भरल्यावर तेथून सुटण्यापूर्वी त्यांना काही दिवस वेगळे कोंडून, उघडे ठेवून, पोटात गेलेला हिरा बाहेर पडतो का याची वाट पाहिली जाई. नागवे करणे हा अपमान आहे, हे मालकांना कळत नव्हते असे नाही. गोऱ्यांच्या बाबतीत ते त्यांना नीट कळले होते.

विमान हे पहिल्यापासून प्रतिष्ठितांचे वाहन. त्यामुळे पहिली कित्येक वर्षे विमानात चढणाऱ्याची झडती घ्यावी ही कल्पनाच कोणाला सुचली नाही. अमेरिकेत १९६१ ते १९७२ या बारा वर्षांत दीडशेहून अधिक प्रवासी विमाने पळवली गेली किंवा पळवण्याचे प्रयत्न झाले, तरी सरसकट झडतीला विमान कंपन्यांचाच विरोध होता. पैसे मोजून आलेल्या सभ्य गिऱ्हाइकाला चोरासारखे वागवले तर तो पुन्हा येणार नाही, हे त्यांचे म्हणणे. १९६८-६९ मध्ये तेथील विमान खात्यातील मानसशास्त्रज्ञ जॉन डेली यांच्या साहाय्याने संशयिताच्या लक्षणांची एक यादी तयार झाली. ती लक्षणे ज्याला जुळतील त्या थोड्यांनाच यंत्राखालून न्यायचे, बाकीच्यांना हसून निरोप द्यायचा. म्हणजे माणसाकडे पाहून तो कसा असेल हे ठरवायचे! आपल्याकडे ही विद्या फार जुनी आहे. तिला मानसशास्त्रज्ञ लागत नाही.

ती यादी टिकली नाही. १० नोव्हेंबर १९७२ रोजी तीन जणांनी सदर्न एअरवेजचे विमान पळवले आणि ते ओक रिज येथील अणुकेंद्रावर आदळण्याची धमकी दिली. त्यानंतर ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची व त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. झडतीच्या इतिहासात मी या तारखेला मोठे महत्त्व देतो. जी गोष्ट आजवर खाणीच्या, गिरणीच्या, तुरुंगाच्या दारात होत होती, ती त्या दिवसापासून कोट घातलेल्या, तिकीट काढलेल्या, निमूट रांगेत उभ्या असलेल्या माणसावर आली. त्याच वर्षी तेथील एका वरिष्ठ न्यायालयाने डेव्हिस नावाच्या आरोपीच्या खटल्यात ही तपासणी वैध मानली. ती गुन्हेगार पकडण्यासाठी नसून शस्त्र विमानात जाऊ नये यासाठी आहे, आणि ज्याला ती नको असेल त्याला विमानात न बसण्याची मोकळीक आहे, असा त्या निकालाचा आशय. मोकळीक हा शब्द वाचून मला गावचा पाणवठा आठवला. तेथेही आम्हाला पाणी न पिण्याची मोकळीक होतीच.

भारतातील हकीकत थोडी वेगळी, आणि काही ठिकाणी हसू यावे अशी आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान श्रीनगरहून जम्मूला जाताना लाहोरला पळवले गेले आणि तेथे जाळले गेले. पळवणाऱ्या दोघांजवळचे पिस्तूल खोटे होते, हातबाँबही खोटा होता. १० सप्टेंबर १९७६ ला आणखी एक विमान लाहोरला गेले. त्यावर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान खात्यात सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निघाला. आणि त्याच वर्षी, २० डिसेंबरला, लखनौहून दिल्लीला निघालेले विमान दोन पांडे आडनावाच्या तरुणांनी पळवले! त्यांच्यापाशी खेळण्यातली पिस्तुले आणि एक क्रिकेटचा चेंडू होता. मागणी होती इंदिरा गांधींच्या सुटकेची. विमान वाराणशीला उतरले, प्रवासी सुटले. १९८० साली भोलानाथ पांडे व देवेंद्रनाथ पांडे हे दोघेही काँग्रेसच्या तिकिटावर उत्तर प्रदेशच्या विधानसभेत निवडून आले. आपल्या वस्तीतल्या दोन पोरांनी खेळण्यातले पिस्तूल घेऊन एस. टी. जरी अडवली असती, तरी ती पुढे विधानसभेत गेली असती की येरवड्याला, याचा विचार वाचकांनी करावा.

पुढचा भाग झपाट्याने सांगता येतो. २३ जून १९८५ ला ‘कनिष्क’ विमानात बाँबस्फोट होऊन ३२९ माणसे मेली, आणि १ एप्रिल १९८७ पासून सुरक्षेच्या त्या कक्षाचे स्वतंत्र खाते झाले. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला नेले गेले. त्यानंतर २००० सालापासून, जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळांवरचे राज्य पोलीस जाऊन केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे शिपाई आले. ही सगळी माणसे खरोखर मेली आहेत, हे मी विसरत नाही. झडती हे निव्वळ ढोंग आहे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मला माझ्या शेजाऱ्याच्या पिशवीत बाँब नको आहे. माझा प्रश्न निराळा आहे: झडती सर्वांची म्हटल्यावर ‘सर्व’ म्हणजे कोण?

त्याचे उत्तर आपल्या विमानतळांवर अनेक वर्षे चांगल्या मोठ्या फलकावर लिहिलेले असे. सुरक्षेपूर्वीच्या झडतीतून कोणाला सूट आहे, त्याची ती यादी. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, सरन्यायाधीश, मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री, अशी उतरत्या पायरीने. रांगेत उभे असताना दुसरे काही करण्यासारखे नसते, म्हणून मी ती पुष्कळदा वाचली आहे. यादीत पदे होती, तशी काही नावेही होती. कोणत्याही पदावर नसलेल्या, केवळ एका राजकीय घराण्याचा जावई असलेल्या गृहस्थाचे नाव तीत होते. ते २०१५ साली वगळले गेले. राष्ट्रपतींच्या खिशात चाकू नसणार, हे मला मान्य आहे. पण यादी केवळ चाकूविषयी बोलत नाही. अमुक अंगाला हात लावणे हा राज्याचा अपमान, आणि अमुक अंगाला हात लावणे ही रोजची बाब, असेही ती म्हणते. पायऱ्या पायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या अशा यादीची शेवटची पायरी जेथे संपते, त्याच्याही खाली उभे राहून वाचण्याची सवय आम्हाला पिढ्यानपिढ्यांची आहे.

या यादीतले कोणी चुकून झडतीत सापडले की देश कसा खवळतो, ते पाहण्यासारखे असते. एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर कॉन्टिनेन्टल या अमेरिकी कंपनीच्या माणसांनी माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची झडती घेतली. बातमी जुलैत फुटली, संसदेत गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली. कलाम स्वतः काही बोलले नव्हते. झडती देऊन ते मुकाट्याने विमानात जाऊन बसले होते. रामेश्वरमच्या नावाड्याच्या या मुलाला रांगेचा अपमान वाटला नाही. तो त्यांच्या वतीने इतरांना वाटला. डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेतील भारताच्या राजदूत मीरा शंकर यांना मिसिसिपी राज्यातील जॅक्सनच्या विमानतळावर रांगेतून बाजूला काढून अंगचाचपणी करण्यात आली. त्या साडी नेसल्या होत्या, हे त्याचे कारण असल्याचे वर्तमानपत्रांतून आले. आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी हे खपवून घेणार नाही असे बजावले. आणि मुंबईच्या गोदी-कामगारांचे, टॅक्सीवाल्यांचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस? देशाचे संरक्षणमंत्री असताना वॉशिंग्टनच्या विमानतळावर त्यांची कपडे उतरवून झडती घेतली गेली, ही गोष्ट अमेरिकी मुत्सद्दी स्ट्रोब टालबट यांच्या २००४ मधल्या पुस्तकामुळे बाहेर आली. तोवर देशाला पत्ता नव्हता.

या तिन्ही प्रसंगांत मला त्या त्या व्यक्तीविषयी सहानुभूती आहे. साडी संशयास्पद ठरावी, हे तर मला संतापजनक वाटते. पण आपल्या खवळण्याचे शब्द मी तपासले. ‘एका माणसाशी असे वागता?’ असे कोणी म्हटले नाही. ‘आमच्या राजदूताशी, आमच्या माजी राष्ट्रपतींशी असे वागता?’ असे म्हटले. किंबर्लीच्या गोऱ्या संपकऱ्यांचे म्हणणे याहून फार वेगळे नव्हते.

येथे मला दौलताबाद आठवते. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह तो किल्ला पाहायला गेले. दरवाज्याजवळच्या हौदावर धुळीने माखलेले हातपाय धुतले, तेवढ्यावरून पाणी बाटवल्याची ओरड झाली, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली; पण आतल्या पाण्याला कोणी शिवू नये म्हणून बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. कोलंबियाची, लंडनची विद्या घेतलेला, गोलमेज परिषदेत बोललेला माणूस, आणि मागे शिपाई! त्या शिपायाला बाबासाहेबांच्या खिशात काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हते. त्यांचा स्पर्श हेच त्याच्या लेखी हत्यार होते. झडती वस्तूची होते की माणसाच्या जन्माची, हे नेहमी विचारले पाहिजे, ते यासाठी.

अमेरिकेला यादीची जरुरी भासली नाही, पण तेथेही जन्म मध्ये आलाच. मार्च २००० मध्ये तेथील संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने विमानतळांवरच्या जकात खात्याच्या झडत्यांचा हिशोब प्रसिद्ध केला. परदेशाहून उतरणाऱ्या प्रवाशांच्या अंगावर मादक द्रव्ये शोधण्यासाठी त्या झडत्या होत. त्या हिशोबात दिसले ते असे: १९९८ साली अंगचाचपणीनंतर क्ष-किरणाखाली नेण्याचे प्रमाण गोऱ्या अमेरिकी स्त्रियांपेक्षा काळ्या अमेरिकी स्त्रियांत नऊपट होते, आणि त्या तपासणीत माल सापडण्याचे त्यांचे प्रमाण मात्र गोऱ्या स्त्रियांच्या निम्म्याहूनही कमी होते. अंदाजच मुळात चुकीचा होता, आणि तो आकड्यांनी चुकीचा ठरेपर्यंत हजारोंच्या अंगावर हात फिरून गेले होते. रेमंड केली या खात्याचे प्रमुख असताना वरिष्ठाच्या संमतीवाचून अशी झडती घ्यायची नाही, कारण नोंदवायचे, असे नियम झाले. झडत्या झपाट्याने उतरल्या, आणि सापडणाऱ्या मालाचे प्रमाण वाढले. ज्याला जाब द्यावा लागतो तो हात नीट विचार करून पुढे येतो, एवढाच त्याचा अर्थ मी लावतो. पण यानंतरही २०१५ पर्यंत काळ्या स्त्रियांच्या केसांत बोटे घालून विमानतळावर शोध चालूच होता. नागरी हक्कांच्या संघटनेने तक्रार लावून धरली तेव्हा सुरक्षा खात्याने आपल्या माणसांना पुन्हा शिकवण्याचे कबूल केले. केस हे केस आहेत, हे शिकवावे लागले.

११ सप्टेंबर २००१ नंतरची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या वर्षीच्या डिसेंबरात एकाने बुटात स्फोटके घालून विमानात प्रवेश मिळवला आणि जगाचे बूट निघाले. २००६ पासून अमेरिकेत ते सक्तीचे झाले आणि जवळजवळ एकोणीस वर्षे टिकले. जुलै २०२५ मध्ये तो नियम मागे घेतला गेला. २०१४ साली मी मुलीकडे तिकडे गेलो, तेव्हा पहिल्यांदा ते दृश्य पाहिले. मोठमोठे लोक, वकील, डॉक्टर, उद्योगपती असतील, मोज्यांनिशी फरशीवरून चालताहेत आणि पादत्राणे पुढे ट्रेमधून जाताहेत. माझे आजोबा पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना वहाणा काढून हातात घेत. उन्हाळ्यात फुफाटा असे, पावसाळ्यात चिखल. वाड्याची भिंत संपली की घालत. मी मुलीला हे सांगितले नाही. ती म्हणाली, "बाबा, लवकर करा, मागे लोक खोळंबलेत."

त्याच प्रवासात परत येताना ती खोली भेटली. २०११ साली मी मोटारसायकलवरून पडलो होतो. उजव्या मांडीत पोलादी सळई आहे. यंत्र वाजणार हे ठरलेलेच. मुलीने डॉक्टरांचे पत्र इंग्रजीत करून दिले होते. पत्र कोणी वाचले नाही. २००९ च्या नाताळात एकाने अंतर्वस्त्रात स्फोटके लपवून नेल्यापासून तेथे नवी यंत्रे आली होती; त्यांतल्या काहींच्या पडद्यावर माणूस वस्त्रांवाचून दिसे, म्हणून फार ओरड झाली आणि २०१३ पर्यंत ती काढून टाकली गेली. मी ज्या यंत्रात उभा राहिलो ते त्यानंतरचे, केवळ एक बाहुली आणि तिच्या मांडीवर पिवळा चौकोन दाखवणारे. त्या चौकोनापायी मला एका बंद खोलीत नेले. दोघे जण होते, रबरी हातमोजे घातलेले. त्यांतला एक अत्यंत विनयाने बोलत होता. आता मी तुमच्या मांडीला हाताच्या पाठीमागच्या बाजूने स्पर्श करणार आहे, आता मी कमरपट्ट्याच्या आत दोन बोटे घालणार आहे, असे प्रत्येक वेळी आधी सांगून करीत होता. मग विजार गुडघ्यापर्यंत खाली घ्यायला सांगितली. मी घेतली. वय वर्षे त्रेसष्ट. त्याने वण पाहिला, वणावरून बोट फिरवले, आभार मानले.

त्याचा विनय खोटा नव्हता. पण ‘नको’ म्हणण्याची सोय नसलेल्याला परवानगी विचारणे म्हणजे काय, हे मला अजून उमगलेले नाही. गिरणीच्या दारातल्या काठीने वडिलांना कधी काही विचारले नाही; निदान त्यांना ‘हो’ तरी म्हणावे लागले नाही.

मोडलेल्या, दुरुस्त केलेल्या शरीरांचे हे दुखणे आपल्याकडेही आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये नर्तकी सुधा चंद्रन यांनी, विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, अशी जाहीर तक्रार केली, तेव्हा सुरक्षा दलाने दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने जीजा घोष यांच्या प्रकरणात, कृत्रिम अवयव काढायला लावू नये, माणसाची प्रतिष्ठा राखली पाहिजे, असे सांगितले. आणि मार्च २०२२ मध्ये गुवाहाटीच्या विमानतळावर चाकांच्या खुर्चीतून आलेल्या ऐंशी वर्षांच्या एका आजींना, खुब्यात धातूचा सांधा आहे म्हणून, कपडे उतरवायला लावले गेले. शिपाई स्त्री निलंबित झाली. तीन महिन्यांत न्यायालयाचा शब्द दिल्लीहून गुवाहाटीला पोचला नव्हता. घटनेच्या सरनाम्यात ‘व्यक्तीची प्रतिष्ठा’ हे शब्द १९५० पासून आहेत, त्यांनाही अजून पुष्कळ ठिकाणी पोचायचे आहे.

आमच्या वस्तीतला एक मुलगा विमानतळावर कंत्राटदाराकडे सफाईला आहे. बी. ए. झालेला. त्याला मी विचारले, तुझी झडती होते का? तो माझ्याकडे पाहतच राहिला. "काका, तुमची प्रवासाला जाताना एकदा होते. माझी दिवसातनं चार-पाच वेळा होते. बादली घेऊन बाहेर आलो की झडती, आत गेलो की झडती. जेवणाचा डबा रोज उघडून दाखवतो. आईनं काय भाजी दिली ते माझ्याआधी शिपायाला कळतं." हे सांगताना तो हसत होता. अगदी वडिलांसारखा.

आता जे सांगतो ते सांगावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. २०१६ साली आपल्याच देशातल्या एका विमानतळावर मांडीतल्या सळईपायी मला पडद्याआड नेले. तरुण शिपाई होता, मराठी. "काका, विजार खाली घ्यावी लागेल." घेतली. त्याने पाहिले, ठीक आहे म्हणाला. बाहेर येऊन शिक्का मारण्यासाठी त्याने माझा बोर्डिंग पास हातात घेतला, त्यावरचे नाव वाचले आणि थांबला. मग हळूच म्हणाला, "जय भीम, सर. माफ करा, ड्यूटी आहे." माझ्या डोळ्यांत पाणी आले. आपला मुलगा गणवेशात आहे, याचा आनंद तर होताच. परतीच्या विमानात मात्र वाटत राहिले, की त्याने माफी मागितली ती माझी की माझ्या आडनावाची? पासवर दुसरे आडनाव असते, तर त्या सळईचा वण तोच असता.

पाच महिन्यांनी पुन्हा त्याच विमानतळावरून जाण्याचा योग आला. तोच मुलगा चौथऱ्यापाशी उभा होता. त्याने मला लांबूनच ओळखले. यंत्र मांडीपाशी वाजले, तसे त्याने ते बंद केले, पासवर शिक्का मारला आणि मान हलवून मला पुढे जायला सांगितले. पडदा बाजूलाच होता. मला म्हणता आले असते, की बाळ, नियमाप्रमाणे पाहा. मी काही बोललो नाही. पास खिशात घातला आणि निघालो. पिशवी उचलताना मागे वळून पाहिले तर शेजारच्या रांगेत, नऊवारी नेसलेल्या एक म्हाताऱ्या बाई गुडघ्यावर हात ठेवून उभ्या होत्या, आणि शिपाई बाई त्यांना पडद्याकडे नेत होती.